जपान न पाहिलेल्या बाई

कॅनडातल्या मिसिसागात आमच्या शेजारच्या टाउनहाऊसमध्ये एक वयस्कर जपानी बाई राहायच्या. बोलणं हळू आणि हसताना तोंडावर हात. कंपनीनं मला ओसाकाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या रीतीभाती शिकायला मी त्यांच्याकडे गेलो.

"समोरच्याचं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, लगेच खिशात कोंबायचं नाही. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचायच्या नाहीत, तसं मेलेल्या माणसासाठी करतात." मी चुकलो की त्या रागवायच्या नाहीत, स्वतः पुन्हा करून दाखवायच्या.

"तुम्ही जपान कधी सोडलंत?" मी विचारलं.

"मी जपान पाहिलेलंच नाही. जन्म व्हँकुव्हरचा. हे सगळं आईनं शिकवलं. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून कॅनडा सरकारनं आम्हाला छावणीत डांबलं होतं. तिथंसुद्धा बूट घालून ती कुणाला खोलीत येऊ द्यायची नाही."

ओसाकात माझ्या रीतीभाती पाहून म्हाताऱ्या यजमानांनी मला विचारलं, "हे कुठे शिकलात?" मी बाईंच्या आईबद्दल सांगितलं. ते जागेवरून उठले आणि त्या माउलीसाठी कमरेत खोल वाकले.

परतल्यावर मी हे बाईंना सांगितलं.

"ते वाकले," त्या म्हणाल्या, "तेवढं पुन्हा एकदा सांगा."