डोळ्यावर तोडलेलं लग्न

अखंड वस्तू बघवत नाही असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच जन्मला आणि तो नेमका माझा साडू निघाला. वडवणीत त्यांचा फोटो स्टुडिओ. साबणाची नवी वडी घरात आली की आधी दोऱ्याने तिचे चार तुकडे व्हायचे. कलिंगड ते तराजूवर तोलून कापत आणि शेवटची फोड जड भरली तर तिचा कोपरा स्वतः खाऊन माप जुळवत. किस्सासुद्धा निम्मा सांगून थांबत. "बाकीचा जेवल्यावर, मास्तर. एकदम लई होतंय." अशा माणसाने कॉम्प्युटर घेतला, आणि लग्नाची फिल्म एका सीडीत मावत नाही हे कळल्यावर त्यांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

आमच्या धाकट्या मेव्हणीच्या लग्नाला चार दिवस उरले असताना सासरे, म्हणजे पोरींचे दादा, ओट्यावरून पडले आणि खुबा मोडून अंबाजोगाईच्या दवाखान्यात आडवे झाले. लग्न त्यांच्याविना लागलं. मांडवात त्यांच्या खुर्चीवर त्यांचा फेटा तेवढा ठेवला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हातारा अडून बसला. "लेकीची पाठवणी बघितल्याबिगर म्या टेबलावर चढणार न्हाई!" डॉक्टरांनी हात टेकले आणि मी वडवणी गाठली.

साडूंनी फिल्म मापाने बरोबर दोन तुकड्यांत तोडली. पहिली सीडी झकास चालली. दुसरी घातली तर पडदा काळा. पुसून झाली, फुंकर मारून झाली, नवी करून झाली. "कावून चालंना बे?" असं ते थेट कॉम्प्युटरलाच दरडावू लागले. चारची एसटी होती आणि अडीच वाजून गेले होते. मी तर हातपाय गाळून बसलो.

साडू दारात जाऊन उभे राहिले. समोरून लागवडीसाठी उसाचं बेणं भरलेली बैलगाडी चालली होती. ते एकदम ओरडले, "मास्तर, चुकलं आपलं! बेणं काय पट्टीनं मोजून तोडतेत व्हय? कांडीला डोळा नसंल तर उगवंल का? ह्या फिल्मला बी जागोजागी डोळे असतील. तितंच तोडायचं!" मग थोडं मागे सरकायचं, तोडायचं, लावून बघायचं. पाचव्या खेपेला दुसरा तुकडा उगवला! साडूंनी कॉम्प्युटरच्या डोक्यावर अशी थाप मारली की मला वाटलं, आता हाही दवाखान्यात न्यावा लागणार.

एसटीत मात्र ते जरा खट्टू होते. "डोळा मागं लागला. पयल्या सीडीचा शेवट दुसरीत पुन्यांदा येतोय."

वॉर्डात उसना टीव्ही लावला. पहिल्या सीडीच्या शेवटी मेव्हणी वाकली आणि तिने खुर्चीवरच्या फेट्याला नमस्कार केला. सासऱ्यांना हुंदका आवरेना. आशीर्वादाला हात उचलेपर्यंत सीडी संपली. साडूंनी दुसरी घातली आणि लेक पुन्हा वाकली. या खेपेला म्हाताऱ्याचा हात आधीच वर होता. "सुखी ऱ्हा, बाई." शेजारच्या खाटांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि साडू कॉलर ताठ करून अशा ऐटीत उभे राहिले, जणू ऑपरेशन त्यांनीच केलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

सासरे त्यानंतर काठी टेकत कितीतरी वर्षं चालले. आता ते नाहीत. परवा मेव्हणीच्या नवऱ्याने दोन्ही तुकडे जोडून, दोनदा येणारा नमस्कार काढून, अख्खं लग्न नखाएवढ्या कार्डात बसवून आणलं. साडूंनी ते मान हलवत बघितलं.

मेव्हणीने कार्ड बाजूला ठेवलं.

"दाजी, मला तुमचं तोडलेलंच द्या. त्यात दादाच्या दोनदा पाया पडता येतं."