आत्ता कसं वाटतंय, एरवी कसं वाटतं?

लोकांना "कसं वाटतंय?" विचारत फिरा, किस्से आपोआप गळ्यात पडतात! संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत मी एम.ए. करत होते, मानसशास्त्रात. सरांनी काळजी मोजायची प्रश्नावली केली होती. पांढरा कागद 'आत्ता'चा, पिवळा 'एरवी'चा. उत्तरं चारच: मुळीच नाही, थोडं, बरंच, फार. कागद भरून आणले तरच परीक्षा. मग काय, परळ-वरळीच्या चाळी पालथ्या घातल्या!

*

परळच्या एका मालवणी आजींना पहिलंच वाक्य वाचून दाखवलं, "मला आत्ता शांत वाटतं."

"शांता? ती नळार गेली हा. बस, येयत इतक्यात."

शांता, त्यांची सून, आली. म्हटलं हिलाच विचारू. "मनावर काही दडपण?"

तिने सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाली, "नंतर येशात?"

*

गिरणीतले एक विणकर तर भडकलेच. वाक्य होतं, "मला स्वस्थ बसवत नाही."

"बसवेल कसं? आख्खी पाळी उभ्यानं काढतो! आधी स्टूल द्या, मग विचारा!"

*

प्रभादेवीला एक गृहस्थ "मला दडपण वाटतं" या वाक्यावर पेन्सिल धरून बसले, आणि उत्तरं द्यायला लागली त्यांची बायको!

"वहिनी, त्यांना मनातून काय वाटतं, ते त्यांनीच सांगायचंय."

"त्यांना काय कळतंय, त्यांना काय वाटतं ते? मला विचारा!"

गृहस्थांनी मान डोलावली आणि 'बरंच'वर खूण केली.

*

लालबागला चळवळीतला एक कार्यकर्ता पांढरा कागद भरत होता. इतक्यात खाली बोंब उठली, "पोलीस!" गडी माझ्या पेन्सिलीसकट पसार! अर्ध्या तासाने धापा टाकत परत.

"ही पेन्सिल घ्या. आणि तो कागद फाडा. तेव्हाचं 'आत्ता' संपलं!"

सरांना सांगितलं, तर ते खुर्चीतून उडालेच. "अगं, हेच तर मोजायचंय! जा, पुन्हा भरून घे!"

दुसऱ्या दिवशी गेले, तर त्याला अटक झालेली. त्याची बायको दारात.

"ते आत मजेत आहेत, झोपा काढतायत म्हणे. काळजी मला लागलीय. आणा तो कागद इकडे!"

*

आणि वरळीच्या बीडीडी चाळीतल्या सोनूबाई. सत्तरीच्या. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली, भिंतीवर बुद्धाची नवी कोरी तसबीर. मी वाचायचं, त्यांनी सांगायचं. पांढरा कागद झटक्यात झाला. पिवळा घेतला. "एरवी मला लोकांची भीती वाटते."

"एरवी म्हंजी?"

"म्हणजे नेहमी. पहिल्यापासून."

"दीक्षेच्या आधी का नंतर?"

मी कागद उलटा केला, सुलटा केला. तशी जागाच नव्हती!

"बरं, आधीचं सांगा. कडेला लिहिते."

सोनूबाई खदखदून हसल्या. पदराने डोळे पुसले.

"ती बाई आता हितं ऱ्हात न्हाई, पोरी. तिला इचारायचं व्हतं, तर आधी यायचं व्हतंस!"