खांदशेकणीचं आवतन

गरम लोण्यात हळद पडली की मला ती खांदशेकणीची संध्याकाळ आठवते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने शेकून त्यांना जेवणाचं आवतन द्यायचं, हे काम आमच्याकडे बाबांचं. पण त्या वर्षी कॅन्सरने त्यांना ओसरीतल्या खाटेवर पाडलं होतं. सकाळीच वर्ध्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, आता घरीच ठेवा, म्हटलं होतं. कित्येक महिने मी देवापुढे हात जोडले नव्हते. मागितलं आणि त्यानं नाही दिलं तर, याचीच धास्ती. अंगणात पळसाच्या पानाने बैलाचा खांदा शेकत मी म्हटलं, "आज आवतन घ्या," आणि पुढचं 'उद्या' तोंडातून निघेना. "काऊन थांबली वं?" बाबांनी खाटेवरून विचारलं. "उद्या जेवाले या," मी कसंबसं पुटपुटले. तेव्हा त्यांनी सदरा खांद्यावरून खाली सारला. "मलेही दे आवतन." हाडाला चिकटलेल्या त्या कातडीवर लोणी लावत मी तेच शब्द म्हटले, देवाला ऐकू जावेत इतक्या मोठ्याने. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरणपोळीचा एक घास खाल्ला. आता ओसरीत खाट नाही, आवतन मीच देते, आणि 'उद्या' अजून तितक्याच मोठ्याने म्हणते.