देवाच्या गोळ्या

नवघरच्या आमच्या सोसायटीत आजही सांगतात, की तळमजल्यावरच्या सुनेने डी.एड. स्वतःहून सोडले, संसारात रमली, पुस्तकात मन लागेना. हे धादांत खोटे आहे. त्याच इमारतीखाली सत्तावीस वर्षे माझे औषधांचे दुकान होते. तिचे शिक्षण कशाने सुटले, ते मला ठाऊक आहे.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षे. मुलगी विशीची, नुकतीच लग्न होऊन आलेली. शिक्षण पुरे होईपर्यंत मूल नको, असे तिचे नि नवऱ्याचे ठरले होते. सासूला मात्र पहिल्याच वर्षी नातवंड हवे होते.

गौरींच्या आधी ती पाळी पुढे ढकलण्याची गोळी मागायला आली. पूजेच्या दिवसांत या गोळ्या घरोघर जात. त्यात लपवण्यासारखे कुणालाच काही वाटत नसे. मग ती नवरात्रात आली, मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी आली, माघी गणपतीलाही आली.

"तुमच्याकडे देव फार झाले हो, सूनबाई," मी म्हणालो.

"देव सासूबाईंचे, काका. गोळ्या तेवढ्या माझ्या."

मी हसलो. गिऱ्हाईक ओळखण्याचा मला अभिमान होता. त्या वेळी मी काहीही ओळखले नाही.

गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. माघी गणपतीनंतर बारा दिवसांनी ती पुन्हा आली. काउंटरवर चार माणसे होती. ती हळूच म्हणाली, "अजून नाही आली." गरोदरपणाची तपासणी करून घे, एवढेच सांगायचे होते. चारचौघांत तो शब्द नको, म्हणून मी म्हणालो, "गोळ्यांनी मागेपुढे होतं. वाट पाहा."

तिने वाट पाहिली. डॉक्टरकडे गेली तेव्हा चौथा महिना सरत आला होता. परतताना ती दुकानात आली. दुपारची वेळ, दुसरे कुणी नव्हते.

"काका, पाळीच थांबते ना या गोळ्यांनी? मग दिवस कसे राहिले?"

"दिवस न राहण्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, पोरी. रोज घ्यायच्या. मागितल्या का नाहीस?"

"ती पट्टी घरात सापडली असती तर? ही देव्हाऱ्यापाशी ठेवली तरी कुणी विचारत नव्हतं." ती जायला वळली. "आणि वाट पाहायला तुम्हीच सांगितलंत."



सासऱ्यांनी परीक्षेचा अर्ज भरू दिला नाही. पोट घेऊन वर्गात बसणार का, असे त्यांनी जिन्यात सर्वांदेखत विचारले; आज "स्वतःहून सोडले" म्हणणारे तेव्हा तिथेच उभे होते. पुढे मुलगा झाला आणि सासूबाई पेढे घेऊन दुकानात आल्या.

"तुमच्या गोळ्यांमुळे एकही पूजा चुकली नाही हो तिची. देव पावला."

मी पेढा घेतला. ती त्या वर्षी परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षीही नाही.