बसून बोलायचा हुकूम

फौजी आजोबांची देखभाल करणाऱ्या ताईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सहाच्या आत त्यांचं दार गाठायलाच हवं, कारण आजोबा जुन्या सवयीने सहाला जागे होत आणि कुणी नसलं तर एकटेच उभं राहायला बघत. वय चौऱ्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, पण ताठा पंचविशीतला.

ताईने आधी बांधकामावर विटा वाहिल्या होत्या. ओझं कंबरेने नव्हे, मांड्यांनी उचलायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. आजोबांना मात्र ती उचलत नसे. पाय रोवून समोर उभी राहायची आणि हात पुढे करायची. "उठा तुम्ही. मी नुसती उभी आहे."

"नुसती उभी राहतेस, मग पगार कशाचा घेतेस?"

"तुमची बोलणी खायचा."

आजोबा खूश.

पण एका महिन्यात ते दोनदा पडले. दुसऱ्यांदा कपाळाला टाके पडले, तशी परगावची लेक धावत आली.

"ताई, तुमच्यावर राग नाही माझा. पण बाबा पुन्हा पडले तर त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. तिथे रात्रंदिवस माणूस असतं."

आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले नाहीत. ताई विचार करत राहिली. खुर्चीत नीट बसवलेला माणूस पडतो कसा? विचारलं तर म्हणायचे, पाय घसरला. दोन्ही वेळा ती स्वयंपाकघरात होती, आणि दोन्ही वेळा फोन जमिनीवर सापडला होता.

पुढच्या वेळी फोन वाजला तशी ती दाराआड थांबली. आजोबांनी फोन कानाला लावला, "होय साहेब" म्हणाले आणि सरळ उभे राहिले. उजवा हात सलामीला कपाळाकडे. वॉकर राहिला बाजूलाच. ताईने झडप घालून त्यांना कंबरेत धरलं, अलगद खाली बसवलं आणि फोन घेतला.

पलीकडे त्यांचे जुने मेजरसाहेब होते. इतक्या वर्षांनी त्यांनी नुकताच आजोबांचा नंबर मिळवला होता.

"साहेब, मी यांची देखभाल करते. तुमचा आवाज ऐकला की हे उभे राहतात आणि पडतात. माझं ऐकायचे नाहीत. तुम्हीच हुकूम करा."

मेजरसाहेब खोकला लागेपर्यंत हसले. "अगं, मी स्वतः खाटेवर आडवा पडून बोलतोय. दे त्याला."

आजोबांनी फोन घेतला. "होय साहेब. बसून. कायमचं, साहेब." फोन ठेवून ते ताईकडे वळले. "चहाडखोर कुठली." मग म्हणाले, "बरं केलंस, पोरी."

हुकूम तो हुकूम. नंतरची चार वर्षं आजोबा पडले नाहीत. शेवटपर्यंत आपल्याच घरात, आपल्याच खिडकीशी राहिले. लेक यायची तेव्हा आधी ताईचे दोन्ही हात हातात घ्यायची, मग बापाजवळ जायची. आणि ताई म्हणायची, उपकार मेजरसाहेबांचे; त्यांनीच आजोबांचं घर राखलं आणि माझं काम.

त्या कामाच्या पगारातून ताईने आपल्या आईला दातांची कवळी करून दिली. चांगली, मापाची. म्हातारीने त्या दुपारी मूठभर भाजलेले शेंगदाणे एकटीने चावून संपवले आणि आणखी मागितले.