बिनमालकाच्या गावाचा मालक

माझा जावई घड्याळं दुरुस्त करतो. हात सोन्याचा, डोक्यात मात्र कायम भुंगा. मध्यंतरी त्याला साक्षात्कार झाला की, फोनवर गप्पांचे अड्डे चालवणाऱ्या मोठ्या कंपन्या आपल्याला मेंढरांसारखं हाकतात. मग दुकानामागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखाली, त्याने एक काळा डबा बसवला. त्याला सर्व्हर म्हणतात. असे डबे लोकांनी जागोजाग बसवलेत म्हणे, आणि एका डब्यात खातं असलेला माणूस फोनवरून दुसऱ्या डब्यातल्याशी बोलू शकतो.

"वर कुणी मालकच नाही, आई! ज्याचं त्याचं घर स्वतंत्र."

"मग भांडी कोण घासतं?" मी विचारलं. त्याला ते लागलंच नाही.

लोक मात्र आले. जाहिराती नाहीत, कटकट नाही. बरेच घड्याळवाले त्याच्या डब्यात राहायला आले, आणि माझी लेकही. ती शिवणकाम करते. तिची जिवाची मैत्रीण लग्न होऊन लांब गेलेली, ती दुसऱ्या एका डब्यात. सकाळ झाली की दोघी एकमेकींना काजा-बटणांचे फोटो दाखवून खिदळायच्या.

मग जावईबापूंचं त्या दुसऱ्या डब्यावाल्याशी वाजलं. कशावरून? घड्याळाला तेल किती द्यावं! रागाच्या भरात याने त्या अख्ख्या डब्याशीच संबंध तोडला. तिकडचा शब्द इकडे नाही, इकडचा तिकडे नाही. याला त्यांच्यात काहीतरी लांबलचक नाव आहे. आपण वाळीत टाकणं म्हणतो, आणि त्यालाही निदान चार टाळकी जमावी लागतात. इथे हाच पंच, हाच कोतवाल.

"अहो, माझी मैत्रीण आहे तिथे," लेक म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तेल तुमच्या घड्याळाचं, आणि गंज माझ्या मैत्रीला?"

त्याने भिंगातून डोळा काढला नाही.

या धंद्यात एक सोय खरी. एका डब्यात पटलं नाही, तर दुसऱ्यात बिऱ्हाड थाटता येतं. लेकीने दूध तापायला ठेवलं आणि ते उतू जायच्या आत मैत्रिणीच्या डब्यात जाऊन बसली.

आता ती फोन बघून खुदकन हसते. हा शेजारीच बसलेला.

"काय लिहिलंय गं?"

"तुमच्याकडे दिसत नाही का?"

दिसणार कसं? कडी यानेच लावलेली. काढावी तर सगळ्या घड्याळवाल्यांसमोर नाक खाली.

काल माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, माझ्याबद्दल काही लिहिते का हो ती तिकडे?"

"तुमच्याबद्दल? छे! बटणांबद्दल लिहिते."

दोन शिव्या असत्या तरी बरं वाटलं असतं, असा चेहरा झाला त्याचा.