बेचाळीस इंचांचा कठडा

बाबा गेले ते त्र्याण्णवाव्या वर्षी, दुपारचा चहा पिऊन. भेटायला आलेली माणसं थोरल्या लेकीसमोर बसली की हळूहळू गुलाबांवर यायची. कोणाला त्यांनी कलम करून दिलं होतं, कोणाच्या कुंडीतली कीड घरी जाऊन पाहिली होती. थोरली ऐकून घ्यायची. तिच्या डोळ्यांपुढे मात्र ते वर्ष होतं, ज्या वर्षी त्यांनी सगळे गुलाब स्वतःच्या हाताने काढून वाटून टाकले.

बाबा पाईप फिटर. एकाच कारखान्यात अडतीस वर्षं. तिथे त्यांना सगळे ओळंबा म्हणत. भिंतीवरचा पाईप केसभर कलला तरी ते उतरवायला लावत, पण कधी चिडत नसत. "परत करू या, मी पण धरतो," एवढंच म्हणायचे, आणि खरंच धरायचे. हाताखालच्या माणसांना राग यायचा तो याचाच. शिवी दिली असती तर उलट बोलता तरी आलं असतं.

घरामागे दोन खोल्या मावतील एवढी मोकळी जागा होती, सगळी दगडगोट्यांची. ती त्यांनी सात वर्षांत चाळून काढली. गुलाबाचा खड्डा दोन फूट म्हणजे दोन फूट, पावणेदोन नाही. कामावरून आले की आधी मुलांच्या वह्या, मग बाग. सकाळी थोरलीची वेणी तेच घालायचे, आणि अशी आवळायचे की शाळा सुटेपर्यंत तिच्या भुवया वर चढलेल्या असायच्या. आई म्हणायची, "अहो, पोरीचं डोकं आहे ते, गळका जोड नाही."

आई सत्तरीला आली आणि काचबिंदूने तिची नजर गेली. एकदम नाही, कडेकडेने. स्वयंपाकघरात ती सरावाने वावरायची, पण बागेत एकदा पाय अडकून पडली, गुलाबाच्या काट्यांनी हात सोलवटून घेतला, आणि तेव्हापासून मागच्या दाराबाहेर तिने पाऊल टाकलं नाही. दिवसभर पलंगावर बसून राहायची.

धाकटा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. तो आला, दोन दिवस आईकडे बघत राहिला आणि म्हणाला, दोघांना माझ्याकडे घेऊन जातो. त्याचं चुकत नव्हतं. बसूनच राहायचं तर माणसांत बसावं, इथे पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याच्या भरवशावर किती दिवस काढणार, असं तो म्हणाला.  तो अंघोळीला गेल्यावर आई थोरलीला हळूच म्हणाली, "तिथला ओटा कुठे आहे ते मला ठाऊक नाही गं."

बाबांनी ते बाहेरून ऐकलं. संध्याकाळी त्यांनी धाकट्याकडे दोन महिने मागितले. दोन महिन्यांनी आई स्वतःच्या पायांनी, कोणाचा हात न धरता बागेत फिरली तर तो विषय बंद. नाही फिरली तर आपण स्वतः सामान बांधू, म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गुलाब निघाले. तीस वर्षांची झाडं. मुळांना माती धरून, ओल्या पोत्यात गुंडाळून त्यांनी ती ओळखीच्यांकडे पोचवली आणि प्रत्येक ठिकाणी खड्डा स्वतः खणून दिला. मग वासाची झाडं आली. नळाजवळ पुदिना, वळणावर मोगरा, पार टोकाला लिंबाचं झाड होतंच. आणि या सगळ्यातून जाणारा पाईपचा कठडा. सव्वीस खांब, प्रत्येक काँक्रीटमध्ये गाडलेला, प्रत्येक ओळंब्यात. वळण येण्याआधी दोन हात पाईपला सुतळी गुंडाळली, म्हणजे बोटांना आधीच कळावं. थोरली रोज शिवणकाम आटोपून यायची. ते खांबाला पाठ टेकून धापा टाकत असायचे. ती दिसली की उठायचे.

पाच आठवडे लागले. रविवारी सकाळी त्यांनी आईला दारापर्यंत आणलं आणि तिचा हात पाईपवर ठेवला. ती चार पावलं गेली. थांबली. हात सोडून दिला.

"आयुष्यभर कारखान्याची लाईन टाकलीत, आता मलाही लाईनीत घेतलंत," ती म्हणाली. "बसमध्ये लोंबकळल्यासारखं वाटतंय. खांदा दुखतो."

बाबांची नजर तिच्या खांद्यावरून पाईपवर गेली. कारखान्यात उंच मचाणावरून माणूस पडू नये म्हणून कठडा बेचाळीस इंचांचा असतो. अडतीस वर्षं त्यांनी तेच माप घेऊन कठडे लावले होते. इथेही न विचारता तेच माप हातात आलं. आई उंचीला पावणेपाच फूट. ज्या माणसासाठी लावायचा तोच मापायचा राहिला.

थोरलीला वाटलं, संपलं आता. तीन आठवडे उरले होते. तिने शेजारच्या वेल्डरला विचारलं. तो म्हणाला, गॅसने कापून अर्ध्या दिवसात जोडून देतो. बाबा नको म्हणाले. वेल्डिंगच्या जोडावर गाठ राहते, ती तिच्या तळहाताला रोज लागणार. मग ते आईसमोर खाली बसले आणि तिला विचारलं, किती उंच हवा?

आईला विचार करावा लागला नाही. "ओट्याएवढा. तिथे हात आपोआप जातो."

ओटा त्यांनीच घातला होता, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, तिला उभं करून. एकतीस इंच.

वरचा पाईप उतरला. सव्वीस खांब अकरा-अकरा इंच कापायचे आणि वरचा जोड फिरवून बसावा म्हणून प्रत्येकावर नवे आटे पाडायचे, तेही खांब जागेवरच उभा असताना, हाताने. तरुण फिटर दिवसाला आठ करेल. बाबा दोन करायचे. आटे पाडायच्या दांड्यावर अंगाचं सगळं वजन टाकायचे आणि वजनच उरलं नव्हतं. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर चिंधी. थोरलीने दांडा धरायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी धरू दिला. नाही म्हणाले नाहीत, यावरून तिला कळलं की किती दमलेत ते. पंधराव्या दिवशी शेवटचा पाईप बसला. त्यांनी डोळे मिटून अख्ख्या कठड्यावर हात फिरवला आणि तीन जोड परत घासले.

त्यानंतर पाच दिवस आई रोज सकाळी उठून जायची. पहिल्या दिवशी नळापर्यंत, मग वळणापर्यंत. बाबा दाराच्या पायरीवर तिच्याकडे पाठ करून बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ती अडखळल्याचा आवाज आला की त्यांचे खांदे उचलायचे. उठायचे मात्र नाहीत. सव्वीस खांबांपेक्षा त्यांना हे जड गेलं, हे थोरलीने पाहिलं.

ठरल्या दिवशी धाकटा आला तेव्हा पलंग रिकामा होता. त्याने बाबांना विचारलं, आई कुठे? बाबांनी अंगठा खांद्यावरून मागे दाखवला. आई पार टोकाला, लिंबाखाली उभी होती, एकटी, पानं चाचपत. तो घाबरून धावला, तोही सरळ वाफ्यांतून.

आईने मान वळवली नाही. "वाटेने ये," ती म्हणाली. "रोपं आहेत तिथे. दिसत नाही का?"

धाकटा पुदिन्यात एका पायावर उभा राहिला. मग उडी मारून वाटेवर आला, कठड्याला हात लावून सावकाश तिच्यापर्यंत गेला, आणि त्या वाटेवर त्याला कमरेतून वाकूनच चालावं लागलं.

आई त्या घरात आणखी नऊ वर्षं राहिली.